खालचे काका आणि वरचा राउटर

आमचे घरमालक माणसाला आपल्या मर्जीनं बसू द्यायचे नाहीत. त्यांच्या दिवाणखान्यात एक ठरलेली खुर्ची होती. पाठ भिंतीला, तोंड खिडकीच्या उजेडाकडे. घरी येणाऱ्या प्रत्येकानं तिथेच बसायचं. काकूंच्या मैत्रिणी असोत, इन्शुरन्सवाला असो, नाहीतर मराठी मंडळाची वर्गणी मागायला आलेले लोक असोत, सगळे त्या खुर्चीत डोळे किलकिले करून बोलायचे. काका स्वतः उजेडाकडे पाठ करून समोर बसायचे आणि टक लावून बघत राहायचे. आम्ही पहिल्यांदा वरचा मजला बघायला गेलो तेव्हा आम्हालाही आळीपाळीनं त्या खुर्चीत बसवलं. बाहेर आल्यावर माझा नवरा म्हणाला, "घर भाड्यानं देतायत की कबुलीजबाब घेतायत?"

घर मात्र झकास होतं. न्यू जर्सीत, आयसेलिनमध्ये, भाजी आणि मिठाई चालत जाऊन आणता येईल इतक्या जवळ. खाली काका-काकू, वर आम्ही, मध्ये एक लाकडी जिना. साल दोन हजार तीन. माझा नवरा प्रोग्रॅमर, सकाळी जाऊन संध्याकाळी उगवणारा. मी साताऱ्याची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर, पण त्याच्या व्हिसाला शेपटासारखी जोडून आलेली. त्या व्हिसावर अमेरिकेत श्वास घ्यायची परवानगी होती, नोकरी करायची नव्हती. काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जायच्या, तेही भल्या सकाळी. आणि काका, मूळचे अमरावतीचे, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत उभा जन्म काढलेले. दोन वर्षांपूर्वी त्या धंद्याला ओहोटी लागली तेव्हा जे अनेक जण घरी बसले त्यात तेही बसले. म्हणजे दिवसभर त्या घरात आम्ही दोघंच. वर एक बेकार इंजिनीअर, खाली एक बेकार इंजिनीअर.

"काय इंजिनीअर, काय करून राहिली?" असं ते जिन्याखालून ओरडायचे. मंडळात माझी ओळख सगळे "ह्यांची मिसेस" अशी करून द्यायचे. मला इंजिनीअर म्हणणारा संपूर्ण न्यू जर्सीत हा एकच माणूस होता. त्यामुळे त्यांचं बाकी सगळं मी खपवून घ्यायचे.

आणि बाकी बरंच होतं. ते फोन उचलत नसत. वाजला तर वाजू द्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "फोनवर माणूस खोटं बोलतो. खरं बोलायचं असेल तर येऊन बोलेल." एकदा बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायला फट ठेवायचे नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची प्लेट घेऊन दाराशी उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून मान डोलवायचे. कोणी काही सांगितलं तरी "अगदी बरोबर." एकदा एका बाईंनी त्यांना सासरे वारल्याचं सांगितलं, त्यालाही "अगदी बरोबर" म्हणाले. काकूंनी पुढे येऊन सावरून घेतलं.

केबल त्यांनी आयुष्यात कधी विकत आणली नाही. वायरचं मोठं भेंडोळं तळघरात होतं. हवी तेवढी कापायची, टोकांना प्लग दाबून बसवायचे. वायरलेसवर त्यांचा विश्वास नव्हता. घरात काही बंद पडलं आणि मी "काका, चालत नाहीये" म्हटलं की बोट वर करायचे. "'चालत नाही' ही तक्रार नाही, हा शोक आहे. कोणता दिवा लागला, कोणता नाही लागला, ते सांग." राउटरवरचे ते बारीक हिरवे दिवे ते आजारी माणसाची नाडी बघावी तसे बघायचे.

इंटरनेट त्यांनीच घेतलेलं होतं. त्यांच्या राउटरमधून एक केबल जिन्याच्या कडेकडेनं, खिळ्यांनी नीट ठोकलेली, वर आमच्या कॉम्प्युटरपर्यंत आली होती. त्याचं वेगळं भाडं नाही. पण एक मेख होती. त्या वेळच्या विंडोजमध्ये एक सोय असायची, एकाच नेटवर्कवरच्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याच्या पडद्यावर निरोप टाकायची. काम करता करता अचानक पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकट उघडते आणि आत निरोप. काका त्या सोयीवर तुटून पडले होते. रोमन अक्षरांतलं, सगळं कॅपिटलमधलं मराठी. "पोस्टमन येऊन गेला का." "वर नळ चालू आहे का." "दारावर कोणी आहे का." हा शेवटचा तर दिवसातून कितीदा तरी. मी खिडकीतून वाकून बघायचे, "नाही" असं उत्तर टाकायचे आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे.

नवऱ्याला मात्र हे सहन होईना. शनिवारी तो जरा कुठे मॅच बघायला बसला की चौकट हजर. "दारावर कोणी आहे का."

"अरे यार, दार त्यांच्या मजल्यावर आहे! मी इथून काय सांगू?"

मग त्याला ऑफिसचा लॅपटॉप मिळाला आणि घरभर फिरता यावं म्हणून त्यानं स्वतःचा एक वायरलेस राउटर आणला. काकांची केबल आमच्या राउटरच्या मागच्या एकट्या, वेगळ्या रंगाच्या खाचेत खोचली. कॉम्प्युटर आणि लॅपटॉप त्या राउटरला जोडले. इंटरनेट झोकात सुरू झालं आणि राखाडी चौकटी येणं बंद झालं. नवरा सोफ्यावर आडवा होऊन म्हणाला, "सुटलो!"

दोन-चार दिवसांनी काका स्वतः जिना चढून वर आले. आमच्या दिवाणखान्यात उभ्यानंच त्यांनी नव्या राउटरकडे पाहिलं.

"हा कधी आला?"

"मागच्या आठवड्यात," नवरा म्हणाला.

"आता मला तुमचं कोणीच दिसत नाही. माझ्या राउटरला वाटतं, वर हा एकच डबा आहे. डब्यामागं कोण बसलंय, पत्ता नाही. घरात घर करून राहिले तुम्ही."

नवरा आधीच कातावलेला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काका, प्रायव्हसी म्हणून काही असतं."

"पायरी ना? सांगितलंय मी सुताराला. पुढच्या आठवड्यात येईल."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. काका वळले आणि खाली जाता जाता एकेक पायरी पायानं दाबून बघत गेले. त्या रात्री नवऱ्याचं मत पक्कं झालं. म्हातारा चलाख आहे, अवघड विषय निघाला की वेड पांघरतो. आणि मुळात त्याला आपण काय करतो ते बघायचंय. मलाही थोडं तसं वाटलं, नाही असं नाही.

पुढचे दोन-तीन आठवडे खालच्या-वरच्यांत जरा ताठर गेले. मग एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि खालून कर्कश किंकाळी सुरू झाली. धुराचा अलार्म. मला वाटलं, थांबेल. थांबेना. मी धावत जिना उतरले. खालचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात धूर, गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर, डोक्यावर अलार्म कानठळ्या बसवतोय, आणि शेजारच्याच खोलीत काका जेवणाच्या टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून, केबलला प्लग बसवतायत. गुणगुणतायत. त्यांना सर्दी झाली होती, त्यामुळे वासाचाही पत्ता नव्हता.

मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. वाऱ्यानं कागद उडाले तेव्हा ते वळले. मी स्टुलावर चढून टॉवेलनं अलार्मला वारा घालत होते. त्यांनी पातेलं पाहिलं, मला पाहिलं, मग मी जिकडे बघत होते तिकडे, छताकडे पाहिलं.

"वाजतोय का?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली. अलार्म थांबला तेव्हा घर एकदम केवढं शांत झालं. पण ते फक्त माझ्यासाठी.

त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं नाही. मी स्वतःच जाऊन बसले, उजेडाकडे तोंड करून. तेव्हा ते हसले, जरा ओशाळं.

"कळलं म्हणजे तुला."

"केव्हापासून, काका?"

"झाली बरीच वर्षं. बारीक आवाज आधी गेले. घंटा, शिट्ट्या, पक्षी. मग बायकांचे आवाज. मग शब्दांच्या कडा गेल्या. आता नुसता गलका ऐकू येतो. मराठी तोंडावरून वाचतो मी. इंग्रजी तेवढं जमत नाही. आणि फोनला तर तोंडच नसतं."

"आणि ऑफिसात?"

"टेबलाच्या मधोमध तो स्पीकरफोन ठेवायचे आणि सगळे त्याच्याशी बोलायचे. मी मान डोलवायचो. सगळ्यांना काढलं तेव्हा मलाही काढलं. बरंच झालं. कारण कोणी विचारलं नाही."

कानातलं यंत्र घ्यायला काकू मागे लागून थकल्या होत्या. हे ऐकत नव्हते, दोन्ही अर्थांनी. काकू त्यांना हाक मारायच्या ती दिव्याचं बटण चालू-बंद करून. आणि आम्ही वर बसून म्हणायचो, खालचं वायरिंग खराब दिसतंय! राखाडी चौकटींचंही तेच. दिवसभर घरात एकटा माणूस, दारावरची घंटा ऐकू येत नाही, आणि वर एक मुलगी आहे जिला ऐकू येतं. ते पहारा करत नव्हते, मला विचारत होते. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो सोफ्यावरून उठून बसला. मग म्हणाला, "पायरी!" आणि त्याला हसू आवरेना, आणि मग हसण्याचीही लाज वाटली.

पण खरी गोष्ट काकांनी त्या दुपारी सांगितली नव्हती. ती मला त्यांच्याचकडून दोन दिवसांनी कळली. त्यांना नोकरीची बोलावणी येत होती. या माणसाला टेलिफोनच्या यंत्रांतलं इतकं कळायचं की पडत्या काळातही कंपन्या विचारत होत्या. पण पहिली मुलाखत नेहमी फोनवर. ते ऐन वेळी ईमेल पाठवायचे, तब्येत बरी नाही, क्षमा असावी. काकूंना वाटायचं, वय झालं म्हणून कोणी विचारत नाही. त्या पहाटे उठून कामाला जात होत्या आणि नवऱ्याला धीर देत होत्या.

"आणखी एक आलंय," ते म्हणाले. "ॲरिझोना, चँडलर. चिप बनवणारे लोक आहेत. नेटवर्कच्या यंत्रांची तपासणी करायचं काम. पुढच्या मंगळवारी फोन. लिहून टाकतो, जमणार नाही."

"काका, तुमच्या फोनची एक जोडणी वर आमच्याकडे आहे. मी वर उचलते. ते लोक काय विचारतात ते टाइप करते. तुम्ही खाली पडद्यावर वाचा आणि उत्तर द्या."

"ही कॉपी झाली."

"उत्तरं तुमचीच. कॉपी कशी होईल? चष्मा लावून पेपर वाचला तर कॉपी होते का?"

ते बराच वेळ हातातला प्लग फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू इथं समोर बसायचं नाही. कोणी बघत असलं की मी गडबडतो. आणि एका खोलीत दोन फोन उचलले की शिट्टी वाजते. मला नाही, पण त्यांना ऐकू येईल."

नवरा म्हणाला, इंटरनेटवरचा मेसेंजर वापरा, सोपं आहे. काकांनी साफ नकार दिला. "घरातल्या घरात बोलायला निरोपानं आधी कॅलिफोर्नियाला काऊन जायचं?" पण त्यात नुसता हट्ट नव्हता. आमचं इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं आणि फोन उचलला की कधीकधी तुटायचं. ऐन मुलाखतीत तुटलं असतं तर? घरातल्या घरात दोन कॉम्प्युटरांना बोलता येईल असा एक साधा गप्पांचा प्रोग्रॅम विंडोजमध्येच असायचा. बाहेरच्या जगाशी त्याला घेणंदेणं नाही. फक्त दोघं एकाच नेटवर्कवर हवे. आणि आमच्यामध्ये तर तो नवा डबा बसला होता.

"तासाभरापुरता काढून ठेवू का?" मी विचारलं.

"तासाभराचं काम म्हणजे कामचलाऊ. नीट कर. इंजिनीअर आहेस ना?"

दोन वर्षांत मला कोणी काम सांगितलं नव्हतं. पोळ्या सोडून. मी राउटर मांडीवर घेऊन बसले आणि काका माझ्या तोंडाकडे बघत समोर बसले.

"यांचा लफडा असा आहे," ते म्हणाले, "एका घरात दोन घरमालक झाले. दोघंही आलेल्या पाहुण्याला पत्ते वाटून राहिले. वरच्याला सांगायचं, बाबा रे, पत्ते वाटणं बंद कर. तू आता नुसता जिना हो."

मी वरच्या राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं. काकांची केबल त्या वेगळ्या खाचेतून काढून बाकीच्यांच्या रांगेत खोचली. काहीच होईना. उलट इंटरनेटही गेलं. "चालत नाहीये" असं तोंडावर आलं होतं, गिळलं. दिवे पाहिले. सगळे लागलेले. मग लक्षात आलं, दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता एकच होता, कारखान्यातून आलेला. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं. पोस्टमन काय करणार? मी वरच्याचा नंबर बदलला, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. काका खाली पळाले. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस अक्षरशः पळाला.

थोड्या वेळानं पडद्याच्या मधोमध राखाडी चौकट उघडली. "दिसतंय का."

मी लिहिलं, "दिसतंय."

खालून आरोळी आली, "शाब्बास इंजिनीअर!"

मंगळवारी काकू कामावर गेल्या होत्या. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. मी वर फोनच्या बोलायच्या बाजूवर नवऱ्याचा लोकरी मोजा चढवून बसले होते, म्हणजे की-बोर्डचा आवाज पलीकडे जाऊ नये. फोन आला, मी खाली "उचला" असं लिहिलं. एक बाई, आवाज गोड, पण बोलणं म्हणजे उतारावरची सायकल. मी टाइप करत सुटले. प्रश्न पडद्यावर उमटला की क्षणभर शांतता आणि मग काकांचा जाड, संथ आवाज. बाईंना वाटत असावं, काय विचार करून बोलतो हा माणूस. एकदा त्यांनी विनोद केला. तो टाइप करायला लांबलचक होता, मी नुसतं लिहिलं, "हसा." काका हसले. जरा जास्तच हसले.

एका प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. बोटं शिवशिवली, पण मी प्रश्नच लिहिला. काकांनी त्याचं जे उत्तर दिलं ते ऐकून मला कळलं, की मला येत नव्हतं.

सगळं छान चाललं होतं. मग बाई म्हणाल्या, आमची टीम तीन गावांत विखुरलेली आहे, रोज सकाळी सगळ्यांची फोनवर मीटिंग असते, तुम्हाला ते जमेल ना?

मी ते जसंच्या तसं टाइप केलं. आणि थांबले.

खालून काहीच आवाज येईना. "जमेल" एवढंच म्हणायचं होतं. माझ्या मनात आलं, लिहू का, "हो म्हणा"? नाही लिहिलं. बाई म्हणाल्या, हॅलो? मी तेही टाइप केलं.

"नाही," काका इंग्रजीत म्हणाले. "मला ते जमणार नाही. मला ऐकू येत नाही. आताही येत नाहीये. वरच्या मजल्यावर एक तरुण इंजिनीअर बसली आहे, ती तुमचे प्रश्न मला टाइप करून पाठवते. उत्तरं माझी आहेत."

फोन ठेवावा की मोजा काढून माफी मागावी, कळेना. मग बाईंनी विचारलं, "पण हे जोडलंय कसं?"

आणि काका सुटले. दोन राउटर, दोन घरमालक, एक नंबर, जिना, सगळं. आता मला टाइप करायला काहीच नव्हतं, मी नुसती ऐकत होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना माणसाकडे टक लावून न बघता, घाई न करता बोलताना पहिल्यांदा ऐकलं. त्यांचं संपल्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्या त्या इंजिनीअरला सांगा, तिनं एकही शब्द चुकवला नाही." आणि थांबल्या.

आता हे मला टाइप करावं लागणार होतं. मी केलं. शब्दन् शब्द. पडदा जरा धूसर दिसत होता, त्यामुळे स्पेलिंगच्या दोन चुका झाल्या.

ती नोकरी त्यांना मिळाली नाही. बाईंनी स्वच्छ कळवलं, या कामाला रोजचा फोन टळणार नाही. संध्याकाळी काकांनी काकूंना सगळं सांगितलं, मुलाखती टाळल्याचंही. जिन्यावरून आम्हाला काकूंचा आवाज येत होता. त्या ऐकू न येण्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या म्हणत होत्या, "मी पहाटे बर्फात गाडी पुसते, आणि तुम्ही मला सांगत होता, कोणी बोलावत नाही?" दोन दिवस दिव्याचं बटण दाबलं गेलं नाही. तिसऱ्या दिवशी काका मुकाट्यानं काकूंबरोबर गाडीत बसून कानाच्या डॉक्टरकडे गेले.

महिन्याभरानं त्याच बाईंचा ईमेल आला. चँडलरच्याच प्रयोगशाळेत जागा आहे, यंत्रांशी काम, माणसांशी बोलणं ईमेलवर, येऊन भेटता का? काका गेले, आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, माझ्याकडे तोंड करून बोला. ते काम मिळालं. पुढे काकूही तिकडच्या हॉस्पिटलात लागल्या आणि खालचा मजला एका गुजराती कुटुंबाला गेला.

पण मला आठवतो तो त्यांच्या कानात यंत्र आल्याचा दिवस. दुपारी ते वर आले आणि आमच्या स्वयंपाकघरात नुसते उभे राहिले, मान तिरकी करून.

"हा आवाज कसला?"

"फ्रिजचा, काका."

"रोज असतो?"

"रोज."

त्यांनी नळ सोडून पाहिला, बंद केला. खिडकीशी जाऊन रस्ता ऐकला. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्याकडे बघता बघता त्यांनी एकदम डोळे मिटले.

"काहीतरी बोल गं."

"काय बोलू?"

"बारीक आहे की तुझा आवाज! मी आपला जाड धरून चाललो होतो. आणखी बोल."

मी म्हटलं, "काका, चहा घेणार का?"

"घेणार," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.